फ्रेंचमधली चतुःसीमा

मोजणीदारांनी चौतीस वर्षं लोकांना एकच गोष्ट सांगितली: तुमचं इथे संपतं. ऐकणाऱ्याला ही गोष्ट क्वचितच आवडायची. त्यामुळे त्यांना मित्र कमी आणि नमस्कार करणारे भरपूर होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी गल्लीत कुणी कुंपण घालायला काढलं की तो आधी त्यांच्या खिडकीकडे एक नजर टाकायचा.

जगातली कुठलीही वस्तू नेमकी कुठे आहे हे सांगता येणं एवढी एकच कला आपल्या अंगी आहे, असं ते स्वतःच सांगत. बाकी गाणं नाही, पोहणं नाही, बाजारातून चांगली भाजी निवडून आणणं नाही. पण वस्तू कुठे आहे, ते विचारा. आणि आयुष्यात एकदाच कुणीतरी हा प्रश्न प्रेमाने विचारला, तेव्हा नेमकी त्यांची फे फे उडाली.

गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. लेक शिकायला परदेशी गेली होती, तिथलाच मुलगा तिने पसंत केला आणि लग्नही तिथेच झालं. तिकडे सगळा कारभार फ्रेंचमध्ये. विहीणबाई उंच, केस बारीक कापलेल्या, तीस वर्षं गावभर पायी फिरून टपाल वाटलेल्या. जेवणानंतर त्या हातात पेला घेऊन मोजणीदारांजवळ आल्या आणि हसून म्हणाल्या, "ऊ ए व्होत्र व्हील?"

म्हणजे, तुमचं शहर कुठे आहे?

मोजणीदार म्हणाले, "वी, मेर्सी." म्हणजे, हो, आभारी आहे.

विहीणबाईंनी प्रश्न पुन्हा सावकाश विचारला. ह्या खेपेस मोजणीदारांना एवढं कळलं की बाई काहीतरी कुठे आहे ते विचारतायत. कुठे म्हटल्यावर त्यांच्यातला सरकारी माणूस जागा झाला. त्यांनी उजवा हात खांद्याच्या रेषेत उचलला, तर्जनी ताठ केली आणि पूर्ण अधिकाराने एक दिशा दाखवली. त्या दिशेला स्वच्छतागृह होतं. विहीणबाई मुळातच सभ्य. त्यांनी आभार मानले आणि पाहुण्याचा मान राखायचा म्हणून खरोखरच तिकडे जाऊन आल्या.

त्याच क्षणी फोटोग्राफरने बटण दाबलं. तो फोटो लेकीच्या घरी जिन्यात लावलेला आहे. मागे दारावरचं चिन्हही स्वच्छ दिसतं.

"छान आलाय हो तुम्ही," बायको दर वेळी म्हणायची. "चेहऱ्यावर काय तो आत्मविश्वास!"

बायकोचं तिकडे काही अडलं नव्हतं. तिने आणि विहीणबाईंनी एकमेकींचा हात धरून, एकही शब्द कळत नसताना, दीड तास गप्पा मारल्या होत्या. काय बोललात, असं विचारल्यावर बायको म्हणाली होती, "तिच्या नवऱ्याला रात्री खोकला येतो. गुडघा डावा दुखतो. आणि सून तिला आवडलीय." हे सगळं पुढे खरं निघालं. मोजणीदारांना ह्या पद्धतीचा भयंकर राग होता. कुठेही माप नाही, साक्षीदार नाही, आणि निकाल बरोबर.

तर, एका रविवारी लेकीचा फोन आला.

"बाबा, सासूबाई येतायत तुमच्याकडे. त्यांच्या टपालवाल्यांचा ग्रुप सहलीला निघालाय, मधे तीन दिवस त्या तुमच्याकडे राहणार. आम्हा दोघांना सुट्टी नाही."

"एकट्या?"

"एकट्या. आणि त्यांना फ्रेंचशिवाय काही येत नाही, आधीच सांगून ठेवते."

"तू कशी आहेस?"

"मी मजेत, बाबा."

हे "मी मजेत" मोजणीदारांना सतावत होतं. सासरे वारल्यावर दोन वर्षांपूर्वी लेक आणि जावई विहीणबाईंच्या घरी, वरच्या मजल्यावर राहायला गेले. तेव्हापासून लेक दर रविवारी "मी मजेत" म्हणायची, आणि तो सूर मोजणीदारांच्या ओळखीचा होता. मोजणीला गेलं की पहिल्यांदा जमीनवाला अगदी ह्याच सुरात म्हणतो, "हद्दीबद्दल आमची काही तक्रार नाही, साहेब." आणि चौतीस वर्षांचा अनुभव असा की असं म्हणणाऱ्याच्या प्रत्येक जमिनीत भांडण निघालं होतं.

व्हिडिओवर घर दिसायचं, नाही असं नाही. पण फोन हातात धरून गरगर फिरवलेल्या घरात उत्तर दिशा कुठे आहे हेसुद्धा कळत नाही. हजारो परक्यांच्या जमिनी मोजल्या, पण स्वतःची मुलगी कुठे बसते, तिच्या खिडकीतून काय दिसतं, शेजारी कसा आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते सांगू शकेल अशी एकच व्यक्ती आता त्यांच्या घरी येत होती. त्यांनी मनाशी ठरवलं: विहीणबाईंच्या जुन्या प्रश्नाला ह्या खेपेस नीट उत्तर द्यायचं, आणि मग आपला प्रश्न विचारायचा. पोरगी खरंच सुखात आहे का?

हातात चार महिने होते. त्यांनी फ्रेंचचा वर्ग लावला.

वर्ग औषधाच्या दुकानावर, एका शिकवणीच्या खोलीत भरायचा. बाकं लहान मुलांची होती. मोजणीदारांचे गुडघे बाकाच्या वर यायचे, त्यामुळे वही गुडघ्यांवर आणि हनुवटी वहीवर, अशा अवस्थेत त्यांनी परकी भाषा आत्मसात करायला घेतली. शिकवणारी बाई लेकीपेक्षाही लहान होती. शेजारी परदेशी नोकरीला निघालेली एक नर्स बसायची. तिचं पाठांतर इतकं चोख की मोजणीदारांनी तिच्या बाजूला न बघण्याचा नियम केला.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी फळ्यावर लिहिलं: तुमचं शहर आणि तुमचा देश कुठे आहे, ते चार वाक्यांत सांगा.

मोजणीदारांना वाटलं, देव आहे.

नर्सने पाच मिनिटांत लिहून वाचलंही. माझा देश मोठा आहे. माझं शहर देशाच्या उत्तरेला आहे. ते नदीच्या जवळ आहे. ते सुंदर आहे. बाईंनी शाबासकी दिली.

मोजणीदार घरी जाऊन दोन दिवस बसले. कुठल्याही जमिनीच्या कागदावर पूर्वेस काय, पश्चिमेस काय, उत्तरेस काय आणि दक्षिणेस काय अशा चार ओळी असतात. ह्या चार ओळींना चतुःसीमा म्हणतात, आणि त्या लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी शहराची चतुःसीमा लिहिली, मग देशाची लिहिली. शब्दकोश एक्केचाळीस वेळा उघडला. वर्गात बाईंनी कागद हातात घेतला आणि वाचता वाचता त्याचा अर्थ सगळ्यांना सांगू लागल्या.

"शहराच्या पूर्वेस रेल्वेची जमीन, तारेच्या कुंपणासह. उत्तरेस नदी, जिने मागील मोजणीनंतर पात्र बदललेले आहे. पश्चिमेस टेकडी, मालक अज्ञात. दक्षिणेस रस्ता, वहिवाटीचा." बाई थांबल्या. "देशाच्या पश्चिमेस पाणी. पूर्वेस शेजारी, हरकत नोंदवलेली. येणेप्रमाणे चतुःसीमेच्या आतील देश, त्यातील झाडे, दगड आणि विहिरींसह."

बाईंनी कागद बाकावर ठेवला.

"काका," बाई म्हणाल्या, "देश विकायला काढलाय का?"

नर्स हसून हसून बाकावरून घसरली. मोजणीदारही हसले. अशा वेळी आपण आधी हसलो की लाज थोडी कमी वाटते, हे ते लग्नातल्या फोटोपासून शिकले होते.

"एवढं नको," बाई म्हणाल्या. "माणूस सहज विचारतो, आपण सहज सांगायचं. अमक्याच्या जवळ आहे, झालं. 'प्रे' म्हणायचं. प्रे म्हणजे जवळ."

"जवळ म्हणजे किती?"

"जवळ म्हणजे जवळ, काका."

"नाही, पण मीटर?"

"काका, फ्रेंचमध्येसुद्धा जवळला मीटर नसतात."

'जवळ' हा शब्द मोजणीदारांनी नोकरीत एकदाही कागदावर लिहिला नव्हता. जवळ हे काही माप नव्हे. जवळ म्हणजे ज्याने मोजलं नाही त्याने द्यायचं उत्तर. त्यांनी तो शब्द वहीत उतरवून घेतला आणि पुढे कंसात लिहिलं: वापरू नये.

रंगांचा धडा आणि दुकानांचा धडा त्यांनी पोरकट म्हणून सोडून दिला. भूतकाळ पुढच्या टप्प्यात होता. दिशा मात्र त्यांनी आठही पाठ केल्या, आणि दिवाणखान्यात येरझारा घालत बायकोला फ्रेंचमध्ये सांगत राहिले की तू आता ओट्याच्या आग्नेयेस आहेस.

"मी आता माहेरी जाईन," बायको म्हणाली. "ते कुठल्या दिशेला आहे ते तुम्हीच सांगा."

यायच्या पंधरा दिवस आधी विहीणबाईंचा निरोप आला. स्टेशनवर घ्यायला येऊ नका. मी तीस वर्षं घरं शोधली आहेत. मला फक्त चौकापासून रस्ता लिहून पाठवा.

टपालवालीचा हा बाणा मोजणीदारांना मनापासून पटला. एका जाणत्या माणसाने दुसऱ्या जाणत्या माणसावर टाकलेला विश्वास होता तो. त्यांनी चौकापासून घरापर्यंतचा रस्ता स्वतः फ्रेंचमध्ये लिहिला, दोन पानं. लेक म्हणाली, बाबा, मी एकदा बघू का? नको म्हणाले. वर्गातल्या बाईंना दाखवला नाही. नर्सला तर नाहीच नाही.

ठरलेल्या दिवशी सकाळी नऊ चाळीसला विहीणबाईंनी चौकातून फोन करून "इसी!" म्हणजे "इथे!" एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. मोजणीदार फाटकाशी उभे राहिले. अंतर सहाशे चाळीस मीटर, हातात बॅग, वय सदुसष्ट. अकरा मिनिटं.

दहा वाजले. मग सव्वादहा झाले. फोन लावला तर विहीणबाई उचलेनात.

"अहो, जा ना बघायला," बायको आतून म्हणाली.

"माझ्या कागदावरून चुकणं शक्य नाही."

"कागद नाही चुकला, बाई चुकलीय. जा!"

मोजणीदार निघाले. बरोबर आपल्या कागदाची प्रत घेतली, कारण विहीणबाई कुठल्या वाक्यावर अडकल्या असतील ते उलट्या बाजूने तपासत जाता येईल. शेवटून पहिली खूण: गिरणीचं धुराडं, उंच, उजव्या हाताला. ते घराकडून येत होते, म्हणून त्यांनी डावीकडे पाहिलं. तिथे आठ मजली इमारत होती, बाल्कन्यांत कपडे वाळत होते.

ते थांबले. धुराडं पाडून पंधरा वर्षं झाली होती. ते पाडलं त्या दिवशी इतरांबरोबर तेही बघायला उभे होते, आणि त्यानंतर ह्या इमारतीखालून ते रोज सकाळी दूध आणायला जात होते.

त्याआधीची खूण: दोन मोठी झाडं, त्यांच्या मधून. झाडं नव्हती. त्याआधीची: लाकडाची वखार, वायव्येस. तिथे दातांचा दवाखाना होता.

खात्याचा नियम साधा होता. मंजूर नकाशावर जे आहे तेच आहे. नंतर उगवलेलं, बांधलेलं, पाडलेलं सगळं पुढची मोजणी होईपर्यंत नाही. ह्या भागाची शेवटची मोजणी बावीस वर्षांपूर्वी खुद्द त्यांनीच केली होती आणि तो नकाशा त्यांच्या डोक्यात इतका पक्का होता की डोळ्यांना मधे बोलायची सोय नव्हती. टपाल वाटण्यात हयात गेलेल्या बाईला त्यांनी बावीस वर्षांपूर्वीच्या गावात पाठवून दिलं होतं. तेही वर्तमानकाळात, कारण दुसरा काळ येत नव्हता.

कागदावरची सर्वांत पहिली खूण होती विहीर. विहिरीशी डावीकडे वळा. आता तिथे चपलांचं दुकान होतं, आणि दुकानासमोर गर्दी.

विहीणबाई आत, चपला घालून बघायच्या स्टुलावर बसल्या होत्या. केस आता पांढरे. बॅग पायाशी, कुणीतरी दिलेलं पाणी हातात. त्यांचा कागद दुकानदाराकडे होता. तो त्याने उलटा धरला होता, पण त्याने फारसा फरक पडत नव्हता. बाईंनी हातांनी रहाट ओढून दाखवल्यामुळे त्यांना विहीर हवी आहे एवढं सगळ्यांना कळलं होतं, आणि विहीर नेमकी कुठे होती ह्यावरून जोराचा वाद पेटला होता.

"अहो, त्या खांबापाशी होती. मी पाणी भरलंय तिथून."

"खांब कुठला! पलीकडे होती, रस्त्यात. माझा चुलता पडला होता तिच्यात."

"तुमचा चुलता काय, कुठेही पडायचा."

मोजणीदार दारात आले. समोर नऊ वर्षांनी भेटलेली विहीण, परक्या मुलखात अर्धा तास खोळंबलेली. 'बोंजूर' तर त्यांना पहिल्याच तासाला शिकवलं होतं. पण कानावर हद्दीचा वाद पडला होता.

"दोघंही चूक," ते म्हणाले. "विहिरीचा मध्य त्या भिंतीपासून दोन मीटर दहा सेंटिमीटर आत. म्हणजे ह्या काउंटरच्या खाली."

दुकानदार काउंटरमागून पटकन बाहेर आला.

मग मोजणीदारांचं विहीणबाईंकडे लक्ष गेलं आणि त्यांचा चेहरा पडला. चार महिन्यांची तयारी एका झटक्यात पुसली गेली. विहीणबाई मात्र उठल्या. त्यांनी दुकानदाराच्या हातून कागद घेतला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि चौकशीच्या कोऱ्या सुरात विचारलं, "ऊ ए ल प्वी?"

विहीर कुठे आहे?

प्रश्न कळला. मोजणीदारांनी उजवा हात खांद्याच्या रेषेत उचलला, तर्जनी ताठ केली आणि काउंटरखालची फरशी दाखवली.

"इसी," ते म्हणाले.

विहीणबाईंनी फरशीकडे पाहिलं, ताठ बोटाकडे पाहिलं, आणि हसायला लागल्या ते थांबेचनात. जिन्यातला फोटो त्या रोज चढता उतरता बघत होत्या. मोजणीदारांना क्षणभर वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. खाली विहीर होतीच. पण विहीणबाईंचं हसणं सबंध दुकानात पसरलं, आणि शेवटी तेही हसले.

घरी येईपर्यंत बायको रस्त्याच्या टोकाशी येऊन उभी होती. दोघी गळ्यात पडल्या आणि लगेच सुरू झाल्या, एक ह्या भाषेत, एक त्या.

"काय म्हणतायत?" मोजणीदारांनी विचारलं.

"गुडघा आता बरा आहे. आणि तुमचा कागद त्या जपून ठेवणार आहेत."

चहा झाल्यावर मोजणीदारांनी वही काढली. पाठ केलेला प्रश्न होता: माझी मुलगी सुखी आहे का? समोर बसलेल्या बाईकडे बघून त्यांना जाणवलं की हा प्रश्न असा विचारला तर उत्तर काय येणार. वी, मेर्सी. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः दिलं होतं ते, आणि खरं काय ते तेव्हाही कुणाला कळलं नव्हतं.

म्हणून त्यांनी कोऱ्या कागदावर एक चौकोन काढला, मधे लिहिलं "तुमचं घर", आणि पेन्सिल विहीणबाईंपुढे ठेवली. मग जे येत होतं ते विचारलं. "उत्तरेस काय आहे?"

विहीणबाईंना उत्तर दिशा कुठली ते ठाऊक नव्हतं. पण टपालवालीला दारं ठाऊक असतात. त्यांनी चौकोन मोडून नीट घर काढलं, रस्ता काढला, शेजारची दारं काढली, आणि प्रत्येक दाराशी थोडंफार बोलल्या. अर्धं कळलं नाही. डाव्या बाजूला पाववाला. त्याच्या पायरीवर लेक सकाळी बसून पाव खाते, असं दिसलं, कारण विहीणबाईंनी खाऊन दाखवलं. उजव्या बाजूला कुत्रा. कुत्रा रात्रंदिवस भुंकतो. लेक कुंपणाशी जाऊन कुत्र्याला रागावते. विहीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि त्यांनी रागावून दाखवलं. तोंडून आले ते शब्द फ्रेंच नव्हते. "गप रे मेल्या! किती घसा फोडशील!"

बायकोचा हात तोंडावर गेला. ते तिचेच शब्द होते, तिच्याच सुरात, आणि बाराखडीसुद्धा न येणाऱ्या बाईच्या तोंडून.

"कुत्र्याला कळतं?" बायकोने आपल्या भाषेत विचारलं.

"वी, वी," विहीणबाई म्हणाल्या. कुत्रा गप्प बसतो. मग त्यांनी बोटांनी पावलं काढून दाखवली. लेक कुंपणावरून हात घालून त्याला पाव देते. मग तो पुन्हा भुंकतो.

मोजणीदारांनी चौकोनाच्या उजव्या बाजूला लिहिलं: शेजारी, हरकत नाही. मग चष्मा काढून पुसला. चष्म्याला काही झालं नव्हतं.

शेवटी विहीणबाईंनी वरच्या मजल्यावर एक खिडकी काढली आणि खिडकीत एक खुर्ची. लेक संध्याकाळी तिथे बसते. विहीणबाईंनी तिला एकदा विचारलं होतं की हीच खिडकी का. त्यांनी पेन्सिल खिडकीतून बाहेर ओढली, कागद संपला तरी टेबलावरून तशीच पुढे नेली, मोजणीदारांच्या छातीशी येऊन थांबवली, आणि भुवया उंचावून विचारलं, "व्होत्र व्हील?" तुमचं शहर? लेक तसं सांगते. बरोबर आहे का?

नऊ वर्षं ज्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं तो प्रश्न शेवटी असा आला. मोजणीदारांनी रेषेकडे पाहिलं. सूर्य पाववाल्याच्या बाजूने उगवतो, हे विहीणबाईंच्या हातवाऱ्यांवरून त्यांनी मघाशीच ताडलं होतं. डोक्यातल्या डोक्यात त्यांनी दोन्ही गावं नकाशावर ठेवली, रेषा जोडली. ती खिडकी निदान तीस अंशांनी चुकत होती. त्या दिशेने सरळ निघालं तर माणूस समुद्रात जाईल.

बायको त्यांच्याकडे बघत होती. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता.

"अहो," ती म्हणाली. नुसतंच अहो.

"प्रे," मोजणीदार विहीणबाईंना म्हणाले. जवळच आहे. "त्रे प्रे." अगदी जवळ.

आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यात, मोजणी बरोबर असल्याची खूण म्हणून चौतीस वर्षं जिथे सही केली तिथे, त्यांनी न मोजता सही केली.